वेशीआतला गुन्हा, वेशीबाहेरचा तपास

बंदिस्त समाजात गुन्हा घडतो, आतली माणसे तोंड उघडत नाहीत आणि तपास बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात पडतो. गुन्हेगारी नाट्याने ही चौकट जगभर वापरली आहे. अमेरिकेत तिच्यासाठी बहुधा आमिश समाज निवडला गेला. मराठीत तिचे सर्वांत ठळक रूप २०२४ च्या ‘मानवत मर्डर्स’ या मालिकेत दिसते. अशा नाट्यांवर होणारी चर्चा अभिनय आणि रहस्य यांच्यापाशी थांबत नाही. बाहेरच्या माणसाला आतले सत्य कळते का, त्याच्या नजरेतून सांगितलेल्या गोष्टीने त्या समाजाचे भले होते की त्याच्यावर नवा डाग बसतो, आणि मुळात ते मौन कशातून येते, हे प्रश्न तिच्यात येतात. महाराष्ट्रात त्यांना जातपंचायत, विमुक्त जमातींचा इतिहास आणि सामाजिक बहिष्काराचा कायदा यांची जोड मिळते.

आमिश चौकट

आमिश हा ॲनाबाप्टिस्ट ख्रिस्ती पंथ. १६९३ मध्ये याकोब आमान या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी स्वित्झर्लंड-अल्सास भागातल्या जुन्या बंधुमंडळापासून फारकत घेतली आणि अठराव्या शतकात हे लोक पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. आज त्यांची लोकसंख्या चार लाखांच्या घरात असून पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या राज्यांत त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. घोडागाडी, साधे कपडे आणि सार्वजनिक वीजजोडणीपासून राखलेले अंतर या त्यांच्या बाहेरून दिसणाऱ्या खुणा. तपासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. हे लोक शपथ घेत नाहीत, आपसातले वाद न्यायालयात नेणे टाळतात, आणि बाप्तिस्मा घेतल्यावर नियम मोडणाऱ्याशी व्यवहार तोडतात. त्यांच्याशी बोलायला आलेल्या पोलिसाला भाषेपासून अडचण सुरू होते, कारण घरात बोलली जाते ती जर्मन वळणाची बोली.

या समाजाला मोठ्या पडद्यावर आणणारा चित्रपट म्हणजे पीटर वीअर यांचा ‘विटनेस’ (१९८५). फिलाडेल्फियाच्या रेल्वे स्थानकात एक आमिश मुलगा खून होताना पाहतो आणि तपास करणारा अधिकारी जॉन बुक याला त्या मुलाच्या गावात आसरा घ्यावा लागतो. या कथेत गुन्हेगार आमिश नसतात, पोलीस दलातलेच असतात. गाव निर्दोष आणि भ्रष्टाचार शहरातला, अशी ही मांडणी आहे. तरीही आक्षेप आले. आमिश समाजात जन्मलेले आणि त्या समाजाचे पहिल्या फळीचे अभ्यासक असलेले जॉन हॉस्टेटलर यांनी चित्रीकरणाच्या काळातच विरोध नोंदवला. जे लोक छायाचित्रासाठी उभे राहणेही टाळतात त्यांचे जगणे करमणुकीचा माल करणे योग्य नाही, असा त्या विरोधाचा रोख होता.

पुढे दूरचित्रवाणीने ही चौकट उलटी केली. जोडी पिकोल्ट यांच्या कादंबरीवरच्या ‘प्लेन ट्रुथ’ (२००४) या दूरचित्रवाणीपटात नवजात अर्भकाच्या मृत्यूचा आरोप एका आमिश मुलीवर येतो आणि शहरातली वकील तिच्या घरी राहून सत्य शोधते. लिंडा कॅस्टिलो यांच्या कादंबरीवरून केलेल्या ‘ॲन आमिश मर्डर’ (२०१३) मध्ये पोलीसप्रमुख केट बर्कहोल्डर स्वतः आमिश घरात जन्मलेली आणि समाज सोडून गेलेली आहे. ‘बॅनशी’ (२०१३ ते २०१६) या मालिकेत तर गावातला गुंडांचा म्होरक्याच पूर्वाश्रमीचा आमिश आहे. तीस वर्षांत निरागस गावाची जागा गुपिते दडवणाऱ्या गावाने घेतली. हा बदल प्रेक्षकांच्या आवडीपुरता नव्हता. २०११ मध्ये ओहायोतील एका फुटीर आमिश गटाने विरोधकांच्या घरात शिरून पुरुषांच्या दाढ्या आणि स्त्रियांचे केस कापले. काही पीडितांनी मौन सोडून पोलिसांकडे तक्रार केली आणि २०१२ मध्ये १६ जण दोषी ठरले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने द्वेषगुन्ह्याचा भाग रद्द केला. आमिश समाजातही तक्रार करणारे असतात, हे त्या खटल्याने दाखवले.

मानवत, १९७२ ते १९७४

मराठी मुलखात आमिशांसारखा अलिप्त धर्मपंथ नाही. पण एका गावाचे मौन, स्थानिक तपासाची हतबलता आणि मुंबईहून आलेला अधिकारी ही सगळी सामग्री परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये प्रत्यक्षात होती. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात तिथे दहा खून झाले. बळींमध्ये दहा वर्षांच्या आसपासच्या मुली होत्या, दीड वर्षाचे एक बाळ होते आणि तिशीतल्या स्त्रिया होत्या. महाराष्ट्र तेव्हा १९७२ च्या दुष्काळाने होरपळत होता. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून बाहेर पडून जेमतेम पाव शतक झाले होते.

सरकारी पक्षाचे म्हणणे असे होते की पिंपळाखालचे गुप्तधन मिळावे आणि मूल व्हावे म्हणून हे बळी दिले गेले. आरोप झाला तो गावातल्या एका धनिक पुढाऱ्यावर, त्याच्यासोबत राहणाऱ्या पारधी समाजातल्या स्त्रीवर आणि त्यांच्या सांगण्यावरून हत्या केल्याचा ठपका असलेल्या माणसांवर. तपासासाठी आलेले रमाकांत कुलकर्णी हे मुंबईच्या गुन्हे शाखेतले नावाजलेले अधिकारी. १९६८ मध्ये रामन राघव खून प्रकरणाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते आणि पुढे ते महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले.

खटल्याचा शेवट मात्र नाट्यात शोभेल असा सरळ झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा एप्रिल १९७७ चा निकाल आजही विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. माफीच्या साक्षीदाराचे म्हणणे प्रत्येक आरोपीच्या बाबतीत स्वतंत्र पुराव्याने पक्के झाले पाहिजे, ही कसोटी न्यायालयाने काटेकोरपणे लावली. हत्या केल्याचे सिद्ध झालेल्यांना शिक्षा झाल्या, पण कटाचे सूत्रधार म्हणून ज्यांच्यावर आरोप होता ते दोन मुख्य आरोपी निर्दोष ठरले. शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकणे किती आवश्यक आहे, याबद्दलही हा निकाल उद्धृत होतो. त्याचा आणखी एक भाग या आढाव्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे आणि पडद्यावर तोच सहसा हरवतो. गुन्हा उलगडण्याच्या उत्साहात पोलीस आपल्या ताब्यातल्या माणसांवर बळ वापरण्याच्या मोहात पडतात आणि ही प्रवृत्ती वेळीच खुडली पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट बजावले. बाहेरून येणारा तपास गावाच्या मौनाशी झगडतो तेव्हा तो कोणत्या मार्गाने ते मौन मोडतो, हा प्रश्न मानवतच्या मूळ प्रकरणातच आहे.

एकाच प्रकरणाची दोन कथने

मानवतच्या घटनांवर मराठीत दोन ठळक कलाकृती झाल्या आणि दोघींची उभे राहण्याची जागा वेगळी आहे. पहिली १९८१ चा ‘आक्रित’. अमोल पालेकरांचे चित्रपट-दिग्दर्शनातले हे पदार्पण, पटकथा विजय तेंडुलकरांची. नाँत येथील तीन खंडांच्या चित्रपट महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. ‘आक्रित’ गावात राहून पाहतो. त्यात रस आहे तो हव्यास, सत्ता आणि स्त्री-पुरुष संबंधातली भीती यांच्यात. गुन्हा कोणी केला हे प्रेक्षकापासून लपवण्याची त्याला गरज वाटत नाही.

दुसरी कलाकृती ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आलेली ‘मानवत मर्डर्स’. दिग्दर्शक आशिष अविनाश बेंडे, निर्मितीची कल्पना गिरीश जोशी यांची, आधार रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकाचा. कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर आहेत; मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर गावातल्या प्रमुख व्यक्तिरेखा करतात. इथे प्रेक्षक अधिकाऱ्याबरोबर गावात उतरतो. कोणत्या घरात किती माहिती मिळाली आणि कोणी डोळे चुकवले, याच्यातून कथा पुढे सरकते.

दोहोंपैकी एक प्रामाणिक आणि दुसरी अप्रामाणिक, असा निवाडा करण्यात अर्थ नाही. तपासाधिकाऱ्याच्या आठवणींवर उभी राहिलेली कथा त्याच्या निष्कर्षाकडे झुकणारच, आणि तो निष्कर्ष पुढे न्यायालयात पूर्णपणे टिकला नाही ही वस्तुस्थिती तिला अडचणीची ठरते. ‘आक्रित’ने पात्रांची नावे बदलली, त्यामुळे निर्दोष ठरलेल्यांचा प्रश्न त्याला तेवढा टोचत नाही. खऱ्या नावांनी कथा सांगताना सुटकेच्या निकालाला किती जागा द्यावी, याचा सर्वमान्य संकेत मराठी मालिकाविश्वात अजून तयार झालेला नाही.

याच काळातली ‘देवमाणूस’ (झी मराठी, २०२० ते २०२१) वेगळे वळण घेते. वाई तालुक्यातल्या धोम परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणाची तिला प्रेरणा असल्याचे मानले जाते. तिच्यातला बनावट डॉक्टर बाहेरून येऊन गावाचा लाडका झालेला आहे आणि त्याच्या मागावरची पोलीस अधिकारीही बाहेरचीच. गाव इथे गुपित दडवत नाही, त्याचा विश्वास चुकीच्या माणसावर बसलेला असतो. मौनाइतकाच भाबडा विश्वासही तपासाला अडसर ठरतो, ही गोष्ट या मालिकेने मराठी घरांत रोज रात्री मांडली.

बाहेरचाच हवा, असे म्हणणारे

पहिली भूमिका तपास यंत्रणेच्या अनुभवातून येते. गावातल्या हितसंबंधांत न गुंतलेला अधिकारी आल्याशिवाय काही गुन्हे उलगडत नाहीत. स्थानिक ठाण्यातला कर्मचारी त्याच पंचक्रोशीत नांदतो, त्याची मुले तिथल्या शाळेत जातात, त्याच्यावर पुढाऱ्याचा फोन येतो. म्हणूनच गंभीर गुन्ह्यात जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा किंवा राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग बोलावला जातो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या गुन्ह्यांत १९९५ च्या नियमांनी तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला, त्यामागेही हाच विचार होता. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला तोही स्थानिक तपासावरचा विश्वास उडाल्यावर.

या भूमिकेची मर्यादा खटल्यात दिसते. अधिकारी बाहेरचा असला तरी साक्षीदार गावातलाच असतो आणि निकालानंतर त्याला गावातच राहायचे असते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित किशोराची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदार फितूर झाले. साक्ष देणाऱ्याची भीती दूर करणे तपासाधिकाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, पण पोलीस संरक्षण संपल्यावरही पाणवठा, दुकान आणि शेताची वाट तीच राहते.

संशयाचा इतिहास

दुसरी भूमिका विचारते की समाज बोलत नाही याला जबाबदार कोण. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि १९११ च्या सुधारित कायद्याने ही व्यवस्था देशभर लागू करता येऊ लागली. हजेरी, परवान्याशिवाय गाव न सोडण्याची सक्ती, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, पण सवयीच्या गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले; मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. महाराष्ट्राच्या यादीत आज १४ विमुक्त जाती आहेत. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने प्रसिद्ध झाली तेव्हा पोलीस ठाण्याकडे या वस्त्यांतून कसे पाहिले जाते हे मराठी वाचकाला प्रथमच आतून कळले. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

अशा माणसाने अधिकाऱ्याला काही सांगितले नाही, तर त्याला गुपित दडवणे म्हणणे अपुरे आहे. मौनाची मुळे दुहेरी असतात, आतल्या सत्तेची भीती आणि बाहेरच्या सत्तेचा अनुभव. पडदा बहुतेक वेळा पहिलीच दाखवतो, कारण रहस्य तिथे असते.

अलीकडच्या काही भारतीय कलाकृतींनी दुसऱ्या मुळाला हात घातला. ‘जय भीम’ (२०२१) हा तमिळ चित्रपट १९९३ च्या एका कोठडी मृत्यूवर आधारलेला आहे. त्यातला वकील बाहेरचाच, पण तो वस्तीची चौकशी करत नाही, पोलिसांची करतो. ‘दिल्ली क्राइम’च्या दुसऱ्या पर्वात (२०२२) जुन्या पद्धतीचा एक अधिकारी विमुक्त जमातीच्या वस्तीतून संशयितांची धरपकड करवतो आणि मुख्य अधिकारी वर्तिका चतुर्वेदी हळूहळू त्या पूर्वग्रहापर्यंत येऊन पोहोचते. अभ्यासक आणि कार्यकर्ते याचे स्वागत करतात, तसेच एक शंकाही मांडतात. अशा कथांत शेवटी सद्‌विवेक जागा होतो तो अधिकाऱ्याचाच, आणि वस्तीतली माणसे त्याच्या जागृतीचे निमित्त होतात. उलट दिशेला ‘तीरन अधिगारम ओन्ड्रु’ (२०१७) सारखे चित्रपट उभे आहेत. प्रत्यक्ष पोलीस मोहिमेवर बेतलेल्या या चित्रपटावर एका जमातीलाच क्रूर ठरवल्याची टीका झाली.

न्यायालयेही या वाटेने पुढे आली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलींतील जातिभेदाच्या तरतुदी रद्द केल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असे बजावले. त्याच वर्षी मे महिन्यात, दुर्बल समाजघटकांतल्या माणसांच्या नावाने पोलिसांनी यांत्रिकपणे गुन्हे-इतिहासपत्रे उघडू नयेत, असेही न्यायालयाने म्हटले होते. पर्यायाने, तपासाधिकाऱ्याच्या मनातली संशयाची पहिली यादी आता न्यायालयीन तपासणीखाली आली आहे.

बाहेरच्या माणसाची आणखी एक अवस्था मालिकांत क्वचितच येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. तिथे बंदिस्त गावाच्या दारात उभा राहिलेला परका सत्ताहीन होता आणि संशयित तोच ठरला.

आतून उठलेला आवाज

तिसरी भूमिका आतल्या माणसांना मध्यभागी ठेवते. तिच्या समर्थनार्थ महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण जातपंचायतींविरुद्धच्या चळवळीचे आहे. २०१३ मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या एका गर्भवती तरुणीची तिच्या वडिलांनी हत्या केली. पोलिसांच्या दृष्टीने तो घरातला खून होता. त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याची माहिती समाजातल्याच लोकांनी पुढे आणली आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायत मूठमाती अभियान हाती घेतले. समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या कामात होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी नरबळी व अघोरी प्रथांविरोधी कायदा झाला. मानवतच्या वेळी कायद्याला खून दिसत होता. खुनापर्यंत नेणाऱ्या अघोरी प्रथेसाठी वेगळे कलम चार दशकांनी आले.

दुसरे उदाहरण पवना नदीच्या काठचे. ही नदी पिंपरी-चिंचवडमधून जाते. पिंपरीच्या भाटनगरात कंजारभाट समाजाची मोठी वस्ती आहे. विवाहानंतर वधूच्या कौमार्याची पंचांसमोर परीक्षा घेण्याच्या प्रथेविरुद्ध याच समाजातल्या सुशिक्षित तरुण-तरुणींनी २०१७ च्या अखेरीस समाजमाध्यमांवरून मोहीम उघडली. जानेवारी २०१८ मध्ये एका लग्नप्रसंगी त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली आणि गुन्हा नोंदला गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य शासनाने अशी परीक्षा घेणे हा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा मानला जाईल असे जाहीर केले. इथे बाहेरच्या तपासाधिकाऱ्याची वाट कोणी पाहिली नाही. आतल्यांनी आधी बोलून दाखवले आणि यंत्रणा त्यांच्यामागून आली. पडद्यावरच्या चौकटीला हे वास्तव सामावून घेणे जड जाते, कारण तिच्यात धैर्याची जागा नायक अधिकाऱ्यासाठी राखून ठेवलेली असते.

केट बर्कहोल्डरसारखी अर्धी आतली, अर्धी बाहेरची व्यक्ती हा मधला पर्याय कादंबरीकारांना आवडतो. वास्तवात तिची किंमत मोठी असते. आपल्या लोकांत ती फुटीर ठरते आणि खात्यात तिच्याकडून खबऱ्याचे काम अपेक्षिले जाते. विमुक्त समाजांतून पोलीस दलात गेलेल्यांच्या अनुभवांवर मराठीत फारसे लेखन नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

वाळीत टाकण्याला कायद्याचे उत्तर

समाजातून तोडण्याची भीती हे मौनाचे सर्वांत प्रभावी साधन, म्हणून कायद्याने तिच्यावर बोट ठेवले. आमिशांतही हा वाद न्यायालयात गेला होता. १९४७ मध्ये ओहायोतल्या वेन कौंटीत अँड्र्यू योडर या बहिष्कृत माणसाने धर्मप्रमुखांवर दावा लावला. आजारी मुलीला डॉक्टरकडे नेण्यासाठी त्याने मोटार घेतली होती. ज्युरीने त्याला पाच हजार डॉलरची भरपाई दिली.

दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबई प्रांताने बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. धार्मिक पंथाला आपल्या कारभारासाठी बहिष्काराचा अधिकार असू शकतो, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी विरुद्ध मत नोंदवले.

त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ महाराष्ट्रात या विषयाचा स्वतंत्र कायदा नव्हता. जातपंचायती आणि कोकणातल्या गावक्यांच्या बहिष्काराच्या तक्रारी वाढत गेल्यावर एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये तो अमलात आला. असा खास कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला निकाली काढण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. टीकाकार दाखवतात की बहिष्कार तोंडी पुकारला जातो, त्याचा कागद नसतो. लग्नाला बोलावले नाही, मयताला खांदा दिला नाही, गिरणीत दळण घेतले नाही, हे घडले हे सगळ्यांना ठाऊक असते. ते ठरवून घडवले, हे सिद्ध करायला मात्र पुन्हा आतलाच साक्षीदार लागतो.

तिकोणा पेठेपर्यंत पोहोचणारा तपास

या चर्चेतले मुद्दे एखाद्या साध्या गावात कसे उतरतात हे पाहण्यासाठी मावळातले तिकोणा पेठ उपयोगी पडते. गाव वितंडगड ऊर्फ तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी, पवना जलाशयाजवळ. त्याला बंदिस्त म्हणता येणार नाही. किल्ला चढायला येणारे, जलाशयाकाठी तंबू ठोकणारे आणि शेतघरांत सुट्टी घालवणारे पुण्या-मुंबईचे लोक दर शनिवार-रविवारी येतात. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय झाले तेव्हा मावळ तालुक्याचा काही भाग तिकडे गेला. पवना खोरे पुणे ग्रामीण पोलिसांकडे राहिले.

इथे गुन्हा घडला तर राज्याच्या वतीने पहिला माणूस असतो पोलीस पाटील. वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमणुकीचे पद आले. तो गावचाच रहिवासी असतो. गुन्हा, संशयास्पद मृत्यू आणि अनोळखी माणसांची खबर देणे त्याच्या कामात मोडते. मालिकांतला अधिकारी ज्या पुलाच्या शोधात असतो तो पूल महाराष्ट्राने कायद्यानेच बांधून ठेवला आहे. त्याची मजबुती किती, याबद्दल मात्र मतभेद आहेत. पोलीस पाटील गावातल्या प्रबळ घराण्यांतला असला तर खबर गाळून पोहोचते, ही जुनी तक्रार आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेबद्दलही असेच दोन सूर ऐकू येतात. हजारो किरकोळ वाद तिच्यामुळे गावातच मिटले, आणि पुरस्काराच्या ओढीने स्त्रियांच्या काही तक्रारीही मिटवून टाकल्या गेल्या, असे तिचे टीकाकार म्हणतात.

पवना खोऱ्यात मुख्य गावापासून दूर कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अति असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. कोळसाभट्टी आणि वीटभट्टीवर उचल घेऊन कामाला जाणारी ही कुटुंबे वर्षातले अनेक महिने गावाबाहेर असतात. त्यांच्याविरुद्ध गुन्हा झाला तर तक्रार करणारा भट्टीवर, पंच दुसऱ्याच वस्तीतले आणि मालक उचलीचा हिशोब दाखवणारा, अशी स्थिती उद्भवते. अधिकारी आणि कातकरी यांच्यातले अंतर हे आमिश गाव आणि फिलाडेल्फियाचा पोलीस यांच्यातल्या अंतराहून कमी नाही, आणि त्यावर मराठी मालिका अजून झालेली नाही.

पोलिसांवरच्या विश्वासाच्या बाबतीत मावळाला एक ताजी आठवण आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंदिस्त जलवाहिनी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ शेतकऱ्यांचे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. खोऱ्यात चौकशीला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या मागे ही घटना उभी असते, त्याचा तिच्याशी काही संबंध नसला तरी.

न सुटलेले प्रश्न

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची आणि झडती-जप्तीच्या दृक्‌श्राव्य चित्रीकरणाची तरतूद केली. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. साक्षीदाराच्या तोंडावरचे अवलंबित्व त्याने घटेल, अशी अपेक्षा आहे. मानवतसारख्या प्रकरणात हत्यार आणि रक्त यांच्या पुराव्याने मारेकऱ्यापर्यंत पोहोचता येईल. हत्येची आज्ञा कोणी दिली याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. तिथे बोलणारा माणूसच लागतो. म्हणून साक्षीदार संरक्षणाच्या योजनेत निकालानंतरच्या वर्षांचे, रोजगाराचे आणि घराचे काय, हा मुद्दा टिकून आहे.

पडद्याच्या बाजूला तीन गोष्टी अनिर्णित आहेत. निर्दोष सुटलेल्यांची खरी नावे वापरताना निकाल किती ठळकपणे सांगायचा. एका जमातीतल्या आरोपींची कथा त्या जमातीवरचा शिक्का होऊ नये म्हणून लेखनाच्या टप्प्यावर त्या समाजातल्या लोकांना कितपत सहभागी करायचे. आणि पीडित मुलींच्या कुटुंबांना काही विचारले जाते का. शेवटच्या गोष्टीवर सर्वांत कमी बोलले गेले आहे. मानवतच्या बळींपैकी बहुतेक जणी लहान मुली होत्या आणि दोन्ही कलाकृतींत मध्यभागी मोठी माणसेच आहेत.

कायद्याच्या बाजूला १९६२ च्या निकालाचा फेरविचार बाकी आहे. बहिष्काराच्या प्रथेला आव्हान देणारी १९८६ ची याचिका १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवली. २०१६ चा राज्य कायदा झाल्यावर याचिकेत काही उरले का, हा मुद्दाही तिथे मांडला गेला होता. राज्य कायदा जातपंचायत आणि गावकीसारख्या समूहांना लागू होतो, हे स्पष्ट आहे. धर्मगुरूच्या अधिकारातून होणाऱ्या बहिष्काराला तो कुठवर पोहोचतो, हे नऊ न्यायमूर्तींचे पीठ धर्मस्वातंत्र्याच्या मर्यादा कशा आखते यावर अवलंबून राहील.